मऊ लुअर डब्यात का विरघळतात आणि ते कसे ठेवावेत

मासेमारीची नकली आमिषं, म्हणजे लुअर, ठेवलेल्या टॅकल बॉक्सचा एक खण उघडला की तळ चिकट लागतो. पारदर्शक भिंतीवर पांढुरकी झाक आलेली असते आणि हिरवा वर्म (गांडुळासारखा लुअर) शेजारच्या पांढऱ्या शॅडला (छोट्या माशासारख्या लुअरला) असा चिकटलेला असतो की ओढला तर दोघांचंही साल निघतं. "उन्हानं वितळलं" असं म्हणून बहुतेकजण विषय संपवतात, किंवा माल बनावट होता असं ठरवून दुकानदाराला नावं ठेवतात. ऊन हातभार लावतं हे खरं, पण मूळ कारण बहुतेक वेळा शेजार असतं. लुअर कशाला टेकून होता, हे आधी बघायचं.

सॉफ्ट प्लास्टिक म्हणून जे विकलं जातं त्यातला मोठा हिस्सा प्लास्टिसोलचा. पीव्हीसीची बारीक पूड प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवतात आणि साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पूड द्रव शोषून फुगते, मिश्रण एकजीव होतं, मग ते साच्यात ओतून थंड केलं की लुअर तयार. नळाचा कडक पाइप आणि हा लिबलिबीत वर्म, दोन्ही पीव्हीसीच. फरक त्या द्रवाचा. लुअरच्या वजनात जवळपास अर्धा, मऊ लुअरमध्ये त्याहूनही जास्त वाटा त्या द्रवाचाच असतो. पीव्हीसी मऊ करण्याची ही युक्ती बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शोधली आणि त्याच शहरात १९४९ मध्ये निक क्रीम यांनी साच्यात ओतलेला प्लास्टिकचा वर्म बनवला. तेव्हापासून रंग, वास, आकार पुष्कळ बदलले, मूळ कल्पना तीच राहिली.

आता मुद्दा असा, की हा द्रव पीव्हीसीशी कायमचा बांधलेला नसतो. लोणच्याच्या फोडीत तेल मुरावं तसा तो आत मुरलेला असतो आणि संधी मिळाली की बाहेर निघतो. नुसत्या हवेत तो फारसा उडत नाही. पण त्याला सामावून घेणारं दुसरं प्लास्टिक, रंग किंवा वॉर्निश टेकलं, की तो तिकडे सरकतो. तिकडचं प्लास्टिक मऊ होऊन चिकट होतं, इकडचा लुअर आक्रसतो. उष्णतेनं हे सरकणं वेगानं होतं, एवढाच उन्हाचा भाग.

डबा

पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट, अ‍ॅक्रिलिक आणि एबीएस हे चार प्रकार प्लास्टिसायझरला बळी पडतात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तग धरतात. डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो तो बघा: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार. हे तिन्ही चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तो नकोच. ७ म्हणजे "इतर", त्यात काहीही असू शकतं, म्हणून मऊ लुअरसाठी तोही बाजूला ठेवा. डब्यावर "वर्मप्रूफ" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हाच, की प्लास्टिसोल टेकला तरी डबा विरघळणार नाही. लुअर एकमेकांत विरघळणार नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही.

आकडा नसेल तर हातानंही बराच अंदाज येतो. पॉलिस्टायरीन काचेसारखं लख्ख पारदर्शक असतं, नखानं टिचकी मारली तर खणखणतं आणि कोपरा वाकवला तर तडकतं. पॉलिप्रॉपिलीन किंचित दुधाळ दिसतं, आवाज बद्द येतो आणि झाकणाची बिजागरी वेगळी न जोडता त्याच प्लास्टिकची, पातळ पट्टीसारखी केलेली असते. ती शेकडो वेळा दुमडली तरी तुटत नाही. तरीही शंका राहिली तर फाटक्या वर्मचा तुकडा डब्याच्या कोपऱ्यात दाबून बसवा आणि डबा उबदार जागी चार-पाच दिवस ठेवा. तुकडा उचलल्यावर खाली त्याचा ठसा राहिला, जागा धुरकट झाली किंवा बोटाला चिकट लागली, तर त्या डब्यात शिसं, स्विव्हल (दोराला जोडायची फिरती कडी), गळ ठेवा. मऊ लुअर नकोत.

इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. एक म्हणजे खणांच्या सुट्या पट्ट्या. डबा पॉलिप्रॉपिलीनचा आणि पट्ट्या भलत्याच प्लास्टिकच्या, असं असू शकतं. दुसरं झाकण. खालचा भाग दुधाळ आणि झाकण मात्र चकचकीत पारदर्शक असेल तर दोन्हींचं प्लास्टिक वेगळं असण्याची शक्यता आहे. पिशवीत डबा उभा किंवा उलटा राहिला की लुअर झाकणालाच टेकतात.

एकदा विरघळलेला पॉलिस्टायरीनचा डबा घासून परत नीट होत नाही, त्याचा पृष्ठभागच गेलेला असतो. पॉलिप्रॉपिलीनचा डबा नुसता तेलकट झाला असेल तर भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी पुरतं. कोपऱ्यात राहिलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं निघतो. धुतल्यावर डबा पूर्ण कोरडा करा, खणांच्या खाचांत पाणी राहतं.

तीन जाती, तीन घरं

सगळेच मऊ लुअर प्लास्टिसोलचे नसतात आणि घोटाळा होतो तो इथेच. दुसरी जात टीपीई, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर. झेड-मॅन कंपनीचं इलाझटेक हे यातलं सर्वांत ओळखीचं नाव. हे लुअर पाण्यावर तरंगतात, कित्येक पट ताणले तरी परत मूळ लांबीला येतात आणि दात लागून सहज फाटत नाहीत. तिसरी जात पाण्याच्या आधारावर बनवलेली, बर्कलीचं गल्प हे तिचं प्रसिद्ध उदाहरण. हे लुअर रसात बुडवून विकतात.

प्लास्टिसोल आणि टीपीई एकमेकांना टेकले, की सर्वांत वाईट प्रकार घडतो. प्लास्टिसोलमधला द्रव टीपीईत शिरतो, टीपीई फुगून पिठूळ, मग बुळबुळीत होतं आणि शेवटी दोन्हींचा मिळून गोळा उरतो. रात्रीत होईल किंवा महिना लागेल, ते तापमानावर आणि दोन्हींच्या मिश्रणावर अवलंबून आहे. पण होतं नक्की. त्यासाठी दोन्ही एका खणात असायलाच हवेत असंही नाही. ज्या डब्यात वर्षभर प्लास्टिसोलचे वर्म होते, त्याच्या तळाला तेलाचा पातळ थर असतो. तो न धुता त्यात टीपीई ठेवलं तरी त्याची खालची बाजू चिकट होते.

टीपीईसाठी सोपा नियम: ज्या पिशवीत आलं त्याच पिशवीत ठेवायचं, डब्यात रचायचं नाही. ती पिशवीच आतल्या लुअरच्या प्लास्टिकला चालेल अशी निवडलेली असते. शिल्लक लुअर दुसऱ्या पिशवीत टाकायचेच असतील, तर आधी टीपीई असलेल्या पिशवीतच टाका. आणि त्यावर वासाचं तेल घालू नका. खनिज तेल टीपीईत मुरतं आणि लुअर फुगतो. प्लास्टिसोलसाठी जे औषध, ते इथे विष.

पिशवीवरचं नाव पुसलं गेलं असेल आणि जात ओळखायची असेल, तर गळ न लावलेला लुअर पाण्याच्या बादलीत सोडा. टीपीई तरंगतं, प्लास्टिसोल बहुतेक वेळा बुडतं. "बहुतेक" म्हणायचं कारण असं की काही प्लास्टिसोल वर्ममध्ये मुद्दाम हवेचे बुडबुडे ठेवतात, ते तरंगतात. आणि मीठ घातलेलं टीपीई बुडूही शकतं. म्हणून ताणूनही बघा. ताणताना लवकर फाटायला लागलं तर प्लास्टिसोल, रबरबँडसारखं लांब जाऊन परत आलं तर टीपीई.

गल्पसारख्या लुअरचा शत्रू वेगळा: हवा. त्यातलं पाणी उडालं की तो आक्रसतो आणि टणक होतो. गळाला लावून विसरलेला लुअर एका दिवसात असा घट्ट बसतो की पक्कडीनं ठेचून किंवा सुरीनं कापूनच काढावा लागतो. वाळलेला लुअर रसात भिजवला तर थोडा मऊ होतो, पहिल्यासारखा होत नाही. म्हणून लुअर कायम रसात बुडालेले असायला हवेत. पिशवी एकदा उघडली की तिच्या झिपवर भरवसा ठेवू नका. सगळा माल रसासकट रुंद तोंडाच्या, आटे असलेल्या, आत रबराची चकती असलेल्या प्लास्टिकच्या बरणीत काढा. धातूचं झाकण नको, खारट रसानं ते गंजतं. बरणी उभी ठेवा आणि ती आणखी एका झिपच्या पिशवीत घाला, कारण हा रस पिशवीच्या अस्तरात एकदा झिरपला की त्याचा वास हंगामभर जात नाही. बरणीत हात घालण्याऐवजी छोटा चिमटा वापरा. बोटांचा वास ही एक अडचण आहेच, पण ओल्या हाताबरोबर प्रत्येक वेळी थोडं पाणी आत जातं आणि रस पातळ होत जातो.

एकाच कंपनीचं म्हणजे एकाच जातीचं, असं धरून चालू नका. बर्कलीचेच पॉवरबेट मालिकेतले मऊ वर्म प्लास्टिसोलचे आहेत आणि गल्प नाही. दोन्ही एका बरणीत कोंबून काहीच साधत नाही.

रंग उतरणं

जात एक असली तरी रंग भिन्न असतील तर एकत्र ठेवू नयेत. लुअरमधले बरेच रंग त्या तेलकट द्रवात विरघळलेले असतात आणि द्रवाबरोबर प्रवास करतात. लाल, नारिंगी, जांभळा आणि काळा हे देणारे. पांढरा, मोत्यासारखा, दुधाळ आणि पारदर्शक हे घेणारे. काळा वर्म पांढऱ्या शॅडला आठवडाभर टेकून राहिला तर शॅडच्या अंगावर करड्या रंगाची, कडा पसरलेली रेघ उठते. ती पुसून जात नाही, उकळत्या पाण्यानंही नाही, कारण रंग वर बसलेला नसतो, आत शिरलेला असतो. दोन रंगांच्या थरांचे लुअर तर स्वतःच्याच अंगात रंग मिसळवतात: काळपट पाठ आणि पांढरं पोट यांच्यामधली रेघ वर्षा-दोन वर्षांत धूसर होते. त्याला उपाय नाही, असे लुअर साठवून ठेवण्याइतके घेऊ नयेत एवढंच. स्वस्त ग्लिटरचाही रंग उतरतो. लाल चमकी कालांतरानं चंदेरी होते आणि आजूबाजूचं प्लास्टिक गुलाबी.

याचा फार बाऊ करायची गरज नाही. काळा-निळा आणि नुसता काळा एकत्र राहून थोडे मिसळले, तर मासा तक्रार करणार नाही. तपकिरी आणि भोपळी हिरवा यांचंही तसंच. काटेकोर राहायचं ते पांढऱ्या आणि पारदर्शक रंगांबाबत, कारण छोट्या माशांची नक्कल करणाऱ्या लुअरमध्ये त्या स्वच्छ चमकेवरच काम चालतं. जागा कमी असेल तर गडद रंगांना एक पिशवी आणि फिक्या रंगांना रंगागणिक वेगळी पिशवी, एवढी वाटणी पुरते. वासाचंही असंच: लसूण, बडीशेपेसारखा अ‍ॅनिसचा वास आणि कोळंबीचा वास एका पिशवीत आले की महिन्याभरात सगळ्यांना एकच, कुठलाच न ओळखू येणारा वास येतो.

पिशव्या

घरी साठवण पिशवीत आणि डबा फक्त त्या दिवसापुरता, ही विभागणी सर्वांत कमी नुकसानीची. मूळ पिशव्या टाकून देऊन सगळा माल खणाखणांत सजवून ठेवायचा मोह होतो. दिसायला छान, पण जात, रंग आणि वास या तिन्ही वाटण्या एका फटक्यात मोडतात. मूळ पिशवीवर रंगाचं नाव आणि लांबी लिहिलेली असते, हाही फायदा. तोच रंग परत आणायला गेलं की त्याची किंमत कळते.

पिशव्या एकावर एक आडव्या रचू नका. खोल पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात त्या फायलींसारख्या उभ्या लावा, झिप वर. आधी प्रकार: वर्म, स्टिक (सरळ कांडीसारखा), क्रॉ (नांग्यांचा), पॅडल टेल (वल्ह्यासारख्या शेपटीचा), ग्रब (अळीसारखा). मग प्रत्येक प्रकारात फिका ते गडद. डबा गच्च भरू नका. एक पिशवी उपसताना शेजारच्या दोन वाकत असतील तर डबा जास्त भरला आहे. पिशव्या लावायचं बाइंडर घेतलं तर त्यातले कप्पे मऊ पारदर्शक व्हिनाइलचे आहेत का ते बघा, असलं व्हिनाइल स्वतःच पीव्हीसी असतं. त्यात सुटे लुअर सरकवू नका, पिशवीसकट ठेवा. होडीत बाइंडर सोयीचं पडतं. काठानं चालत फिरणाऱ्याला ते जडच होतं.

मूळ पिशवी फाटली तर स्वयंपाकघरातली पातळ झिप पिशवी तात्पुरती चालेल, कायमची नाही. वास त्यातून बाहेर पडत राहतो आणि काही महिन्यांत पिशवीची बाहेरची बाजूही तेलकट लागते. किमान ७५ ते १०० मायक्रॉनची जाड पॉलिथिनची पिशवी घ्या. नाव लिहायचं ते झिपच्या वरच्या कोरड्या पट्टीवर, कायमच्या शाईच्या पेननं. कागदी लेबल तेलानं सुटून येतं. झिप बंद करण्याआधी तिच्या खाचेतून बोट फिरवा. मिठाच्या लुअरमधले कण तिथे अडकतात आणि मग झिप बंद झाल्यासारखी वाटते, पण होत नाही. हवा हलक्या हातानं दाबून काढा. व्हॅक्यूम यंत्रानं पिशवी आवळायच्या फंदात पडू नका. शेपट्या चपट्या होतात आणि दाबामुळे लुअर एकमेकांना जास्तच घट्ट टेकतात.

वापरलेले लुअर परत नव्या पिशवीत टाकायचे नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी असावी. कारण नुसता चिखल नाही, पाणी आहे. स्टिक प्रकारच्या लुअरमध्ये, उदाहरणार्थ यामामोतोच्या सेन्कोमध्ये, मीठ भरपूर असतं. वजन येतं, बुडण्याची लय साधते, ती त्या मिठामुळे. ओला लुअर पिशवीत गेला की मीठ विरघळायला लागतं, पिशवीच्या तळाला खारं पाणी साचतं आणि नवे लुअरही पांढुरके पडतात. हा पांढुरकेपणा पुष्कळदा वाळल्यावर कमी होतो, पण निघून गेलेलं मीठ परत येत नाही आणि लुअर हलका होतो. त्याच पिशवीत गळ असतील तर दोन दिवसांत गंज चढतो आणि गंजाचा तपकिरी डाग प्लास्टिकमध्ये कायमचा उतरतो.

वाळवायला वर्तमानपत्र नको. छपाईची शाई प्लास्टिसायझरनं सुटते आणि लुअरच्या पोटावर उलट्या अक्षरांतला मथळा उमटतो. वॉर्निश केलेलं टेबल नको, रंगवलेली खिडकीची चौकट नको, थर्माकोल तर मुळीच नको. स्टीलचं ताट किंवा साधा पांढरा सुती कपडा, सावलीत, दोन-तीन तास. दोन लुअरांत बोटभर अंतर. मिठाच्या लुअरना आधी पाण्यानं खळखळून धुवायची गरज नाही, चिखल असेल तेवढाच टिपून घ्या.

शेपटीची वळणं

रंग आणि चिकटपणा यांनी जितके लुअर वाया जातात, जवळपास तितकेच वाकड्या शेपटीनं जातात, आणि त्याकडे लक्ष कमी जातं. पॅडल टेलचं टोक दुमडून राहिलं की पाण्यात ते फडफडत नाही, लुअर एका कुशीवर कलतो किंवा गरगर फिरतो आणि दोराला पीळ पडतो. कर्ली टेल (गोल वळलेली शेपटी) चपटी झाली तर ती नुसती मागे लोंबते. दाब आणि ऊब दोन्ही एकत्र मिळाली की आकार पक्का होतो. नुसत्या थंड डब्यात वाकलेली शेपटी बरेचदा आपोआप सरळ होते, पण गाडीत तापलेल्या पिशवीतली होत नाही. म्हणून साच्यातल्या ट्रेमध्ये येणारे लुअर, उदाहरणार्थ काइटेकचे स्विंग इम्पॅक्ट, ट्रेसकटच ठेवा. ट्रे जागा खातो म्हणून फेकून देणं ही चुकीची काटकसर आहे.

वाकडी शेपटी सरळ करायला गरम पाणी लागतं. पाणी उकळून विस्तवावरून उतरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लुअर डोक्याकडून चिमट्यात धरा आणि शेपटी खाली लोंबती ठेवून बुडवा. ७ ते १० सेंटिमीटरच्या शॅडला २० ते ३० सेकंद, जाड लुअरला मिनिटभर. शेपटी स्वतःच्या वजनानं सरळ होताना दिसते. दिसली की लगेच थंड पाण्यात लोंबती धरा आणि पुरती गार होईपर्यंत हलवू नका. घाईनं बाहेर काढून ताटात टाकला तर ताटावर जसा पडला तोच नवा आकार. भांड्याच्या तळाला लुअर टेकू देऊ नका, आणि हे भांडं परत स्वयंपाकाला वापरू नका. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही: तिथे ऊब सारखी पसरत नाही, बाहेरून काहीच दिसत नसताना आतून प्लास्टिसोल जळायला लागतं. मिठाच्या लुअरना जितका कमी वेळ पाण्यात ठेवता येईल तितकं बरं. टीपीई कमी तापमानाला मऊ होतं, त्यामुळे त्याला हाताला सोसेल त्याहून थोड्याच गरम पाण्यापासून सुरुवात करा. गल्पला हा उपाय नाही.

ऊब, उजेड, तेल

उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान सहज जातं, डॅशबोर्डवर त्याहून जास्त. प्लास्टिसोल इतक्यानं वितळत नाही, पण वर सांगितलेलं सगळं, म्हणजे द्रव सरकणं, रंग उतरणं, शेपट्या बसणं, महिन्यांऐवजी तासांत होतं. घरातलं कपाट, अंधार आणि ३० अंशांच्या आसपास किंवा कमी तापमान पुरेसं आहे. फ्रीजची गरज नाही. थंडीत लुअर कडक होतात, पण उबेत आले की परत मऊ होतात, नुकसान काही नाही. उजेडाचं मात्र तसं नाही: चटक नारिंगी, गुलाबी आणि पिवळसर हिरवे रंग उन्हात फिके पडतात ते परत चढत नाहीत.

पिशवीच्या तळाला तेल दिसलं म्हणजे लुअर खराब झाला असं नाही. बहुतेक कंपन्या वासाचं तेल वरून घालतातच. लुअर मऊ आणि ओलसर असेल तर सगळं ठीक आहे. लुअर आक्रसलेला, कडक आणि पृष्ठभाग सुरकुतलेला असेल तर आतला द्रव गेला, आणि तो वरून तेल ओतून परत भरता येत नाही. त्याला जिगमागे (वजनदार डोकं असलेल्या गळामागे) ट्रेलर, म्हणजे जोडशेपटी, म्हणून वापरा, नाहीतर टाका.

कोरड्या पडलेल्या पण अजून मऊ असलेल्या प्लास्टिसोलच्या पिशवीत खनिज तेलावर आधारलेलं वासाचं तेल घालता येतं: दहा लुअरांच्या पिशवीला चार-पाच थेंब, मग बाहेरून चोळून पसरवायचं. यानं लुअर एकमेकांना चिकटत नाहीत. लुअर तेलात पोहत असतील तर जिगहेडवरून (गळ बसवलेल्या शिशाच्या डोक्यावरून) घसरतात आणि हातही बुळबुळीत होतात. खाद्यतेल नको. ते खवट होतं, घट्ट होतं आणि झिपच्या खाचेत राळेसारखं बसतं.

इतर कशाला टेकू देऊ नये

रंगवलेले जिगहेड आणि मऊ लुअर एका खणात नकोत. डोळ्याचा रंग आधी जातो, मग पावडर कोटिंग चिकट होतं. क्रँकबेटवर (वॉर्निश केलेल्या कडक लुअरवर) एक विसरलेला ग्रब पडून राहिला की त्याच्या आकाराचा खोलगट डाग वॉर्निशमध्ये उरतो, आणि तो लुअर बहुधा मऊ लुअरच्या दहा पिशव्यांपेक्षा महाग असतो. स्पिनरबेटचे (फिरत्या धातूच्या पात्याच्या लुअरचे) सिलिकॉनचे स्कर्ट, म्हणजे झालरी, वेगळ्या पिशवीत, जुने रबरी स्कर्ट तर आणखी वेगळे. घरी जाताना गळाला लावलेला वर्म तसाच ठेवून रॉडच्या हुक कीपरला (गळ अडकवायच्या कडीला) अडकवायची सवय असेल तर तो वर्म रॉडच्या चकचकीत थराला टेकून राहतो आणि तिथे मळकट, चिकट पट्टा उठतो. शिवाय ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) गळावर वाकून बसलेला वर्म तोच बाक धरतो आणि पुढच्या वेळी गिरक्या घेत येतो. काढून ठेवा. होडीच्या फळीवर किंवा व्हिनाइलच्या बैठकीवर पडलेला लाल वर्म उन्हात जो डाग पाडतो तो निघत नाही. पोलराइज्ड चष्म्याची भिंगं पुष्कळदा पॉलिकार्बोनेटची असतात. लुअरच्या खिशात चष्मा घालू नका.

सिलिका जेलची पुडी गळ आणि जिगहेडच्या डब्यात चांगली. गल्पच्या आसपास ती कशाला, हे सांगायला नको.

हंगामातून एकदा सगळ्या पिशव्या उघडून बघाव्यात. डोक्याकडून फाटलेल्या वर्मचा दोन सेंटिमीटर भाग कापला की बाकीचा परत वापरता येतो. प्लास्टिसोलची चीर तापवलेल्या पात्याला दोन्ही कडा क्षणभर टेकवून लगेच एकमेकींवर दाबली तर जुळते. हे मोकळ्या हवेत करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. तुकडे वितळवून नवे लुअर ओतणारेही असतात. त्यांनी टीपीईचा एकही तुकडा भांड्यात जाणार नाही हे बघावं, नाहीतर सगळा घाणा नासतो; आणि थर्मामीटरशिवाय सुरुवात करू नये, कारण २०० अंशांच्या पुढे पीव्हीसी तपकिरी पडून हायड्रोजन क्लोराइडचा जाळणारा वायू सोडायला लागतं. बाकीचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात, पाण्यात नाही. पाण्यात पडलेले मऊ लुअर फुगतात, मासे ते गिळतात आणि ते पोटात अडकून राहतात. काठावर असताना त्यासाठी कमरेला एक रिकामी झिप पिशवी पुरते.